अकरा वर्षांची पुतणी, मेंदूतील गुठळी आणि बेळगावातील एक रुग्णालय

बेळगावातील एका मोठ्या खासगी रुग्णालयाच्या पक्षाघात विभागाचा अनुभव येथे नोंदवत आहे. रुग्ण म्हणजे माझी अकरा वर्षांची पुतणी. तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या मुख्य धमनीत अडकलेली रक्ताची गुठळी तेथे मांडीतून नळी घालून काढली. रुग्णालयाचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण काही त्रुटींबद्दल आमचा त्यांच्याशी पत्रव्यवहार अजून चालू आहे आणि तो संपण्याआधी नाव घेणे मला प्रशस्त वाटत नाही. शिवाय खानापूर, बेळगाव, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील पालकांना एखाद्या इमारतीच्या नावापेक्षा, अशा सेवेत नेमके काय पाहायचे, हे कळणे जास्त उपयोगाचे आहे.

मुलीला वर्षभरापूर्वी हृदयाच्या स्नायूचा आजार निघाला होता. हृदय मोठे होऊन त्याची आकुंचनाची ताकद कमी झाली होती आणि त्यासाठी गोळ्या चालू होत्या. त्या रविवारी सकाळी 7.20 ला पोहे खाताना तिच्या उजव्या हातातून चमचा पडला, ओठाची उजवी कड खाली ओघळली आणि काय होते आहे असे विचारल्यावर तिच्या तोंडून शब्दच फुटेना. वहिनीने तिला उचलले तेव्हा उजवा पाय लोंबत होता. घरात जमलेल्या शेजाऱ्यांपैकी कोणी फिट आली म्हणून कांदा हुंगवायला धावले, कोणी वारे लागले म्हणाले. अर्धांगवायू हा शब्द आमच्या आजीने उच्चारला, आणि तो म्हाताऱ्या माणसांचा आजार आहे असे सांगून आम्हीच तिला गप्प बसवले.

वाटेतल्या एका दवाखान्यातही तेच झाले. फिट येऊन गेल्यावर काही वेळ एक बाजू लुळी राहते, ती आपोआप सुधारेल, असे सांगून सलाईन लावले आणि थांबायला सांगितले. तसे होते हे खोटे नाही. फिटनंतरची तात्पुरती कमजोरी, अर्धशिशी, चेहऱ्याच्या मज्जातंतूचा लकवा, मेंदूज्वर अशा अनेक गोष्टी मुलांत पक्षाघातासारख्या दिसतात, आणि म्हणूनच जगभर मुलांच्या पक्षाघाताचे निदान व्हायला अनेकदा चोवीस तासांहून अधिक वेळ जातो. प्रगत देशांतल्या नोंदींनुसार रक्तवाहिनी बंद पडून होणारा पक्षाघात वर्षाला लाखात एक-दोन मुलांना होतो, तेव्हा तालुक्यातल्या एखाद्या डॉक्टरने तो आयुष्यात एकदाही पाहिलेला नसणे शक्य आहे. पण फिट आलेली कोणीच पाहिली नव्हती, मूल पूर्ण शुद्धीवर होते, आणि हृदयाच्या आजाराची फाईल आम्ही टेबलावर ठेवली होती, ती उघडली गेली नाही. तेथे गेलेली पासष्ट मिनिटे मला अजून टोचतात. मेंदूची मोठी धमनी बंद पडली की प्रौढ माणसाच्या दर मिनिटाला सुमारे 19 लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज 2006 मध्ये मांडला गेला. हा आकडा मी नंतर वाचला, हे त्यातल्या त्यात बरे झाले.

शेवटी भावाने सलाईन काढायला लावले आणि आम्ही 9.50 ला बेळगावच्या त्या रुग्णालयाच्या दारात पोहोचलो. येथून पुढचा भाग खऱ्या अर्थाने त्या सेवेचे परीक्षण आहे.

सुरुवात वाईट झाली. तातडीच्या विभागाच्या दाराशी पक्षाघाताच्या रुग्णांना थेट आत घेण्याचा फलक आहे. पण मूल पाहताच रखवालदाराने आम्हाला मागच्या इमारतीतल्या बालरोग विभागाकडे पाठवले. तेथल्या निवासी डॉक्टर मुलीने एका नजरेत ओळखले, स्वतः स्ट्रेचर ढकलत आम्हाला पुन्हा पुढच्या इमारतीत आणले आणि धावतानाच फोनवर पक्षाघाताचा इशारा दिला. या हेलपाट्यात पंधरा मिनिटे गेली. मोठ्यांसाठी आखलेली चोख व्यवस्था लहान रुग्ण समोर आला की कशी अडखळते, हे येथे दिसले.

त्यानंतर मात्र मी पाहिलेल्या कोणत्याही कार्यालयात, शाळेत किंवा रुग्णालयात इतके शिस्तीचे काम पाहिलेले नाही. मेंदूविकारतज्ज्ञांनी पहिला प्रश्न विचारला तो असा: शेवटचे पूर्ण बरे कोणी आणि किती वाजता पाहिले? आजार कधी लक्षात आला, यापेक्षा हा प्रश्न वेगळा आहे आणि सारे घड्याळ त्यावर लावले जाते. नंतर त्यांनी मुलांसाठी ठरवलेल्या मोजपट्टीवर हात, पाय, नजर, वाचा तपासून गुण दिले. ही पट्टी 0 ते 42 अशी असते आणि गुण जितके जास्त तितका झटका मोठा. पुतणीचे गुण 16 आले. 10.20 ला सीटी स्कॅन झाला, रक्तस्राव नाही हे कळले; लगेच एमआरआय आणि रक्तवाहिन्यांची चित्रे घेतली. डाव्या बाजूची मधली मेंदू-धमनी सुरुवातीलाच बंद होती, पण मेलेला भाग अजून लहान होता. वाचवण्यासारखे बरेच शिल्लक आहे, असा त्याचा अर्थ.

गुठळी काढण्याची शस्त्रक्रिया असे शब्द कानावर पडताच वहिनीला वाटले की कवटी उघडणार, आणि ती खालीच बसली. हा गैरसमज बहुतेक पालकांचा होत असणार. प्रत्यक्षात डोक्याला कोणी हात लावत नाही. जांघेतल्या धमनीत छोटे छिद्र पाडून त्यातून नळी महाधमनीत, तेथून मानेतल्या धमनीत आणि पुढे मेंदूत नेतात. नळीतून तारेची एक बारीक जाळी गुठळीच्या आत नेऊन उघडतात. ती फुलली की गुठळी तिच्या छिद्रांत रुतते, आणि मग शोषणाचा जोर लावून जाळी व गुठळी एकत्रच मागे ओढून घेतात. हे सारे हृदयाच्या अँजिओग्राफीच्या खोलीसारख्याच कॅथलॅबमध्ये क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत केले जाते.

या सेवेला मी सर्वाधिक गुण देतो ते यानंतरच्या वीस मिनिटांसाठी. नळी घालणारे डॉक्टर आमच्यासमोर स्टुलावर बसले. ते धारवाडकडचे, त्यांचे मराठी कानडी वळणाचे. अडेल तेथे चंदगडच्या एक परिचारिका शब्द पुरवत होत्या. प्रौढांमध्ये या उपचाराची उपयुक्तता पक्की आहे, 2015 मध्ये एकापाठोपाठ पाच मोठ्या चाचण्यांनी ती सिद्ध केली, पण त्या साऱ्या चाचण्या अठरा वर्षांवरील रुग्णांच्या होत्या, हे त्यांनी आधीच सांगून टाकले. मुलांमध्ये चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडून केलेली अशी चाचणी नाही. आहेत त्या नोंदी. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनचेही तसेच. मोठ्यांना ते साडेचार तासांच्या आत देतात, मुलांसाठी त्याचा अभ्यास अमेरिकेत सुरू केला होता, पण पुरेशी मुले मिळेनात म्हणून 2013 मध्ये तो बंद करावा लागला. कॅथलॅब तयार असताना त्या इंजेक्शनच्या मागे न लागता थेट गुठळी काढावी, असे त्यांचे मत होते.

मग त्यांनी जे सांगितले ते मला फार महत्त्वाचे वाटते. मुलांत पक्षाघाताचे कारण नेहमी गुठळी नसते. कांजिण्यांनंतर किंवा इतर संसर्गानंतर मेंदूची धमनीच सुजून आकसते, कधी मानेतल्या धमनीचा आतला थर फाटतो, कधी क्षयाच्या मेंदूज्वरात धमन्या होरपळतात. अशा आजारी धमनीत जाळी ओढणे धोक्याचे असते आणि फायदाही अनिश्चित असतो. पुतणीच्या बाबतीत धमनी निरोगी, आणि गुठळी दुर्बळ हृदयातून वाहत आलेली, म्हणून ती या उपचाराला योग्य, असा त्यांचा निर्णय होता. वय आणि आकाराचा प्रश्न भावाने विचारला. मेंदूच्या मोठ्या धमन्या पाच वर्षांच्या पुढे मोठ्यांच्या जवळपास पोहोचलेल्या असतात, अडचण मांडीच्या धमनीची असते. ती लहान असते, चटकन आकसते, तेथेच गुठळी होऊ शकते. साधने मोठ्यांसाठी बनवलेली, त्यांतली बारीक निवडायची. धमन्या पडद्यावर दिसाव्यात म्हणून सोडायचे रंगद्रव्य वजनाच्या हिशेबाने मोजून वापरायचे. धमनी फाटून रक्तस्राव होणे, गुठळीचा तुकडा पुढे सरकणे हे धोके त्यांनी न विचारता सांगितले. त्यांना स्वतःला सर्वांत जास्त काळजी होती ती भुलीची, कारण हृदय आधीच थकलेले. त्यासाठी हृदयशस्त्रक्रियेच्या भुलीचे डॉक्टर रविवारी घरून बोलावले होते, आणि आमची सही होण्याआधीच ते हजर झाले होते.

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. नंतर या सगळ्याचा पडताळा घेण्याची खोड स्वस्थ बसू देईना. युरोप-अमेरिकेतल्या 27 केंद्रांनी मिळून केलेला सेव्ह चाइल्डएस नावाचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. त्यात अशा रीतीने गुठळी काढलेल्या 73 मुलांच्या जुन्या नोंदी तपासल्या होत्या. मोजपट्टीवरचे मधले गुण 14 वरून आठवड्यात 4 वर आले आणि लक्षणे निर्माण करणारा मेंदूतला रक्तस्राव एकाच मुलाला झाला. आकडे आशादायक आहेत, पण त्यात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, आणि मागे वळून गोळा केलेल्या नोंदींत यशाची प्रकरणे अधिक येतात हे कोणालाही कळेल. त्याच गटाने पुढे मुलांची नोंद उपचाराच्या वेळीच ठेवत दोनशेहून अधिक मुले अभ्यासली. गुठळी काढलेली आणि केवळ औषधांवर ठेवलेली मुले त्यात शेजारी शेजारी ठेवली आहेत, आणि 2024 मध्ये आलेले निष्कर्ष पहिल्या गटाच्या बाजूचे आहेत. आमच्या डॉक्टरांनी स्टुलावर बसून सांगितलेले आणि मी नंतर वाचलेले यांत फरक सापडला नाही. दुकानदार मालाची उणीव स्वतःहून दाखवतो तेव्हा त्या दुकानावर जो विश्वास बसतो, तसाच येथे बसला.

11.45 ला मांडीत सुई गेली, 12.30 ला धमनी मोकळी झाली. पहिल्या ओढीत अर्धी गुठळी आली, दुसऱ्या ओढीत उरलेली. ती आम्हाला जाळीच्या कापडावर दाखवली: भाताच्या शितापेक्षा थोडी मोठी, काळपट तांबडी. दारात पोहोचल्यापासून सुई घालेपर्यंत 115 मिनिटे लागली. प्रौढांसाठी हे काम दीड तासाच्या आत व्हावे असे लक्ष्य असते. रखवालदाराची पंधरा मिनिटे आणि पैशांच्या खिडकीची दहा वजा केली तर ते येथे साधले असते.

पैशांच्या खिडकीबद्दल लिहिणे भाग आहे. सीटी स्कॅन चालू असतानाच भावाला एक लाख रुपये अनामत भरायला सांगितले, आणि पावती दाखवेपर्यंत एमआरआयचा कागद पुढे सरकला नाही. डॉक्टरांना हे कळल्यावर ते संतापले, एवढे खरे. कर्नाटकच्या सरकारी योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आणि इतरांना पॅकेजच्या 30 टक्के, जास्तीत जास्त दीड लाखांपर्यंत मदत मिळते. आमचे कार्ड दुसऱ्या प्रकारचे. पण रविवारी योजनेच्या टेबलावर कोणीच नव्हते, आणि सोमवारी आलेल्या गृहस्थांनी सांगितले की कागद कालच द्यायला हवे होते. महाराष्ट्र शासनाने 2023 मध्ये सीमाभागातल्या 865 गावांसाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना खुली करण्याचे ठरवले, त्याची चौकशी मी केली तेव्हा त्यांनी नुसते हात हलवले. एकूण बिल चार लाख ऐंशी हजारांचे झाले. त्यात सर्वांत मोठा आकडा जाळीचा आणि शोषणनळीचा होता. बिल तपशीलवार होते आणि न वापरलेली एकही वस्तू त्यात नव्हती. मी प्रत्येक ओळ पाहिली.

लहान मुलांच्या अतिदक्षता विभागाबद्दल तक्रार नाही. पाय सरळ ठेवून सहा तास निजवायचे, दर थोड्या वेळाने पायाची नाडी आणि डोळ्यांच्या बाहुल्या पाहायच्या, रक्तदाब ठरावीक मर्यादेत ठेवायचा, हे रात्रभर न चुकता चालले. वहिनीला आत बसू दिले. चोवीस तासांनी गुण 7 झाले, आठव्या दिवशी घरी सोडताना 3.

उणीव दिसली ती वाचेच्या उपचारात, आणि ती थेट आमच्या भागाच्या दुखण्यावर बोट ठेवणारी आहे. तिसऱ्या दिवशी पुतणी बोलू लागली, पण पेन्सिल, कंगवा, चावी, जे दाखवाल त्याला ती चमचाच म्हणायची. वाचा-उपचारतज्ज्ञ बाई मनमिळाऊ आणि कष्टाळू. पण त्यांच्याकडचे चित्रांचे संच कन्नड आणि इंग्रजी. पुतणी मराठी शाळेत शिकते. कन्नड तिला शाळेपुरते येते, पण हरवलेला शब्द शोधताना मेंदू आधी घरच्या भाषेकडे वळतो. पहिल्या चाचणीत तिने घुबडाच्या चित्राला बऱ्याच प्रयत्नाने ‘घुबड’ म्हटले, तर ते चूक म्हणून नोंदले गेले. मी हे दाखवल्यावर बाईंनी लगेच दुरुस्ती केली, तरी मराठी संच मागवण्याची सोय नव्हती. ज्या रुग्णालयाच्या निम्म्याहून अधिक बाकांवर मराठी ऐकू येते, तेथे हे व्हायला नको. शेवटी शाळेतल्या जुन्या तक्त्यांवरून मी आणि माझ्या मुलाने साठ चित्रे कापून पुठ्ठ्यावर चिकटवली: विळी, खुरपे, सूप, पाटा, बैलगाडी, एस.टी. या चित्रांवर तिची जीभ लवकर सैल झाली. ‘सूप’ म्हणाल्यावर आंबट का गोड असे तिच्या धाकट्या भावाने विचारले आणि ती पहिल्यांदा हसली. म्हणजे अर्थही परत येत होता.

घरी सोडतानाचा कागद दाट इंग्रजीत होता. गोळ्या कळल्या, पण पुढे कधी फिट आली तर काय करायचे, कोणत्या लक्षणांवर परत धावत यायचे, हे कोठेही लिहिलेले नव्हते. हृदयाच्या डाव्या कप्प्यात गुठळीचा अवशेष सापडल्यामुळे आता रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू आहे आणि त्यासाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावे लागते. मेथी, पालक, शेपू बंद करायचे नाहीत, पण दर आठवड्याला प्रमाण सारखे ठेवायचे, नाहीतर गोळीचा परिणाम खालीवर होतो, ही गोष्ट कागदावर नव्हती. चंदगडच्या परिचारिकांनी निघताना वहिनीच्या वहीत मराठीत लिहून दिली. ती वही आमच्या घरातला सर्वांत जपलेला कागद आहे.

आमच्या भागातल्या पालकांनी काय करावे, याबद्दल थोडे सांगतो. निपाणीकडची माणसे कोल्हापूरला, खानापूरच्या दक्षिणेकडची गोव्याला, काही हुबळीला धावतात, आणि राज्याची हद्द त्यात आड येऊ देऊ नये. मात्र निघण्यापूर्वी किंवा वाटेतून एक फोन करून विचारावे की आत्ता, या क्षणी, मेंदूच्या धमनीतली गुठळी काढणारे डॉक्टर, चालू कॅथलॅब, मुलांना भूल देणारे डॉक्टर आणि मुलांचा अतिदक्षता विभाग हे सगळे तुमच्याकडे आहे का. यांतले एक जरी नसले तरी तेथे गेलेला वेळ वाया जातो, मग इमारत कितीही देखणी असो. ज्या मुलाला हृदयाचा आजार आहे त्याच्या घरच्यांनी तर हा फोन नंबर आजार नसतानाच शोधून भिंतीवर लावून ठेवावा. आम्ही आता लावला आहे.

एकंदरीत, निदान आणि गुठळी काढण्याच्या कामाला मी मोकळ्या मनाने उत्तम म्हणेन, अतिदक्षता विभागाला चांगले, आणि दारावरची व्यवस्था, पैशांची खिडकी व घरी सोडतानाची कागदपत्रे यांना नापास करीन. पुतणी चार महिन्यांनी शाळेत जाऊ लागली. उजव्या हाताची बोटे अजून मंद आहेत, बटण लावायला वेळ लागतो, लिखाण सध्या डाव्या हाताने चालते. चित्रांचा दुसरा संच करून आम्ही वाचा-उपचार विभागाला दिला आणि तो वापरात आहे.

दाराबद्दलच्या तक्रारीला लेखी उत्तर आले: पक्षाघाताच्या फलकावर ‘लहान मुलेसुद्धा’ असे कन्नड, मराठी आणि इंग्रजीत जोडण्यात येईल. परवाच्या तपासणीला गेलो तेव्हा फलक जुनाच होता.